किती जवळ उभं राहायचं

"जिथं जागा मिळेल तिथं," ती म्हणाली. गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात, आरोग्यक्षेत्रातल्या दोन वर्षांच्या पदव्यांची माहिती द्यायला संध्याकाळची बैठक ठेवली होती. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ सगळ्यांच्या बुटांबरोबर हॉलमध्ये आलं होतं आणि हीटरच्या उबेत ओल्या कोटांचा कोंदट वास भरून राहिला होता. शेजारच्या खुर्चीतली बाई फोनवर हळू आवाजात "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर, आणि झाकण उघडायची घाई करू नको" असं कुणाला तरी बजावत होती. त्यामुळे ओळख करून घ्यायला निमित्त शोधावं लागलं नाही. ती साताऱ्याकडची, मी सांगलीची. कशासाठी अर्ज करणार, असं मी विचारलं. रेडिओग्राफी (एक्स-रे काढणं), डेंटल हायजीन (दातांची सफाई), रेस्पिरेटरी थेरपी (श्वासाचे उपचार) अशी तीन माहितीपत्रकं तिच्या मांडीवर होती. ती तिने कडेला कड लावून एकावर एक ठेवली आणि म्हणाली, "जिथं जागा मिळेल तिथं. पगार काय, सगळ्यांचेच बरे आहेत."

घरी येताना गाडीत ते वाक्य माझ्याबरोबर होतं आणि नंतरही कितीतरी दिवस राहिलं. ती चुकीचं बोलली असं मला वाटलंच नव्हतं. उलट फार ओळखीचं वाटलं, म्हणूनच सलत होतं. सांगलीत दहावीनंतर आमच्यापैकी किती जणींनी काही निवडलं होतं? कॉलेजच्या फलकावर यादी लागायची. गर्दीतून मान वर करून वडील आधी नाव शोधायचे, मग कुठली शाखा ते बघायचे. मला कॉमर्स मिळालं. "सीट मिळाली ना, झालं तर मग," असं म्हणत वडिलांनी बसस्टँडवर उसाचा रस पाजला होता. तो आनंद खोटा नव्हता. पण तो जागा मिळाल्याचा होता, विषयाचा नव्हता. पुढे नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. काम करायची परवानगी नसलेली ती लांबलचक वर्षं इथल्या कितीतरी बायकांना सांगायची गरज नाही. ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा चाळिशी आलेली होती. सरकारी शिक्षणमदतीसाठी एफएएफएसएचा अर्ज भरता येईल हे कळलं, त्या रात्री मी अंथरुणात पडून वर छताकडे बघत पहिल्यांदा स्वतःला विचारलं, आता नक्की काय शिकायचंय मला?

दोन वर्षांची पदवी म्हणतात, पण ती दोन वर्षांत होत नाही, हे ठाऊक असलेलं बरं. मुख्य अभ्यासक्रमात पाऊल टाकायच्या आधीच शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र दोन सत्रं, बऱ्याच ठिकाणी मायक्रोबायॉलॉजी, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी लेखन, आणि कित्येक ठिकाणी टीईएएस नावाची प्रवेशपरीक्षा. विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांपूर्वी केले असतील तर ते पुन्हा करा म्हणणारी कॉलेजंही आहेत. माझा तो प्रश्न आलाच नाही, माझं विज्ञान दहावीत संपलं होतं. एवढं सगळं करून मग वर्षातून एकदाच प्रवेश. जागा थोड्या, कारण वर्गात कितीही खुर्च्या मांडता आल्या तरी रुग्णालयात शिकवायला घेणाऱ्या जागा मोजक्याच असतात. शेजारच्या बाईला जागेची चिंता का होती ते त्या रांगेत उभं राहिलं की कळतं. ए मिळाला की बी-प्लस, यावर वर्ष पुढे ढकललं जातं.

शरीररचनेच्या प्रयोगशाळेत मेंढीचं हृदय कापायचं होतं. मुठीहून थोडं मोठं, राखाडी पडलेलं, त्या औषधी द्रवात मुरलेलं. तो वास हातमोजे काढल्यावरही नाकात राहायचा आणि संध्याकाळी कोथिंबीर चिरतानासुद्धा जायचा नाही. माझ्याबरोबर वीस वर्षांचा एक मुलगा होता, तो अग्निशमन दलात जाणार होता. त्याने पात्याने डावी बाजू उघडली आणि आतली झडप दिसली, बारीक पांढऱ्या दोऱ्यांनी भिंतीला बांधलेली. मी ते दोरे बोटाने हळूच ओढून पाहिले. कॉमर्सच्या पदवीत, बँकेतल्या नोकरीत, इथल्या रिकाम्या दुपारांत, कधीच मला असं काही हातात धरून बघावंसं वाटलं नव्हतं. किळस आली होती, हे खरं आहे. आणि तास संपल्यावर निघावंसं वाटलं नव्हतं, हेही खरं आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात निवडीचा प्रश्न बदलला. कुठला अभ्यासक्रम, असं मी विचारेनाशी झाले. आजारी माणसाच्या किती जवळ उभं राहायचं, आणि किती वेळ, हे विचारू लागले.

रेडिओग्राफीचं नाव निघालं की मला सांगलीतलं एक रुग्णालय आठवतं. वडील तिथे दाखल होते. पहाटेच्या अंधारात वॉर्डाच्या दारातून चाकांचा खडखडाट यायचा आणि एक माणूस एक्स-रेचं फिरतं यंत्र ढकलत आत यायचा. वडिलांना पाठीमागून हात घालून तो असं उठवायचा की त्यांच्या तोंडून आवाज निघत नसे. दिवसभर आम्ही चार जण मिळून उठवायचो तेव्हा ते कण्हायचे. तो गार पाटी पाठीमागे सरकवायचा, "काका, श्वास घ्या... धरा... सोडा आता," म्हणायचा आणि दोन मिनिटांत पुढच्या कॉटकडे. त्याचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांना पेढे दिले, नर्सताईंना दिले, त्याला द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आज वाटतं, त्या रुग्णालयात वडिलांच्या शरीराला सगळ्यात हलका हात त्याचा होता. रेडिओग्राफरचं अंतर हे असं आहे. क्षणभर अगदी जवळ, मोडलेल्या हाडाला किमान दुखवून हवा तो कोन साधायचा, आणि मग काचेमागे. त्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे बहुधा कधीच कळत नाही. इथे रेडिओग्राफरची परीक्षा घेणाऱ्या एआरआरटी या संस्थेने २०१५ पासून परीक्षेला बसायला किमान असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी सक्तीची केली. नुसत्या प्रमाणपत्रावर त्या परीक्षेला बसायचे दिवस संपले. मला ते योग्यच वाटतं. तो हलका हात शिकावा लागतो, आणि त्यामागचं भौतिकशास्त्रही.

सोनोग्राफीचं आकर्षण मला सगळ्यात जास्त होतं आणि तिथेच सगळ्यात जास्त अडखळले. आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टर करतात. इथे तपासणी करणारा हात प्रशिक्षित सोनोग्राफरचा असतो, डॉक्टर नंतर प्रतिमा वाचून अहवाल देतात. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. भिंतीवर ती पाटी, गर्भलिंग निदान केले जात नाही, कायद्याने गुन्हा आहे. आधी फॉर्म एफवर सही, की मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही. पडदा माझ्याकडे पाठ करून. असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये, आणि केंद्राचा १९९४ मध्ये आला. तो का करावा लागला हे आपल्यापैकी प्रत्येकीला घरात, शेजारात, गावात कुठेतरी माहीत आहे. दुसऱ्या खेपेला इथे, एडिसनजवळच्या एका केंद्रात, मंद उजेडाच्या खोलीत त्या मुलीने कोमट जेल पोटावर लावलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि सहज विचारलं, जाणून घ्यायचंय? माझ्या तोंडून शब्दच फुटेना. ती एवढ्या मोकळेपणाने विचारू शकते याचा मला हेवा वाटला आणि माझ्या गावाची आठवण येऊन पोटात कालवलं. ते यंत्र तेच, ती खोली तशीच.

म्हणून मला वाटायचं, हे काम आपलं. पण कॉलेजातल्या एका शिक्षिकेने शांतपणे एक गोष्ट सांगितली. हृदयाचे ठोके थांबलेले सोनोग्राफरला सगळ्यांच्या आधी दिसतात. आई पडद्याकडे नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघत असते. आणि निदान सांगायचा अधिकार तुमचा नसतो. डॉक्टर येईपर्यंत चेहरा सांभाळायचा. त्यांनी खांद्यांच्या दुखण्याबद्दलही सांगितलं; हात उचलून, दाब देऊन दिवसभर तपासण्या करणाऱ्या बहुतेकांना ते कधी ना कधी गाठतंच. खांद्याचं काही नाही, मी मनात म्हटलं. पण तो चेहरा मला सांभाळता येणार नाही. माहीत असून गप्प राहणं हा काहींचा फार मोठा गुण असतो, माझ्यात तो नाही.

डेंटल हायजीनबद्दल इथल्या मराठी मंडळातल्या बायका सगळ्यात जास्त बोलतात. "दिवसाची नोकरी, शनिवार-रविवार सुट्टी, पैसाही चांगला." पैशाचं खरंच आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २०२३ च्या आकड्यांत डेंटल हायजिनिस्टचं मध्यक वार्षिक वेतन सुमारे ८७ हजार डॉलर होतं, दोन वर्षांच्या आरोग्य-पदव्यांमध्ये वरच्या टोकाचं. हा पेशा सुरू झाला तो इथून फार लांब नसलेल्या, कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टला. आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९१३ मध्ये तिथे पहिला वर्ग काढला, आणि त्या पहिल्या तुकडीतल्या बायका शाळाशाळांत जाऊन मुलांचे दात स्वच्छ करत. डेंटल हायजीनच्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी कॉलेजांत स्वस्तातला दवाखाना असतो, तिथे मी स्वतः जाऊन बसले. सफाईला अर्धी दुपार गेली. एकेका दाताभोवतीची हिरडीतली फट किती खोल ते मोजून ती मुलगी आकडे मोठ्याने सांगायची, दुसरी लिहून घ्यायची, मग शिक्षिका येऊन पुन्हा तपासायची. सफाई करणाऱ्या मुलीच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि माझ्या ओठाचा कोपरा सुकून दुखायला लागला तर तिने न सांगता तिथे व्हॅसलीन लावलं. तेच लोक दर सहा महिन्यांनी परत येणार, त्यांची मुलं मोठी होताना बघायची, हे अंतर किती छान. माझी मैत्रीण तिकडे गेली आणि सुखात आहे. मला मात्र त्या उजेडाखाली मान वाकवून बसल्याची कल्पना करताना मन कुठेतरी दुसरीकडे जायचं.

प्रयोगशाळेचा विचार मी लवकर सोडला. रक्त येतं, माणूस येत नाही.

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे, कारण तिच्यापायी आमच्यातल्या एकीचे पैसे आणि दीड वर्ष गेलेलं मी पाहिलं. चकचकीत इमारत, रेल्वे स्टेशनवर जाहिराती, प्रवेश लगेच, रांग नाही, अशी एक खासगी संस्था. कॉलेजला मान्यता होती, पण त्या अभ्यासक्रमाला नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेडिओग्राफीला जेआरसीईआरटी, रेस्पिरेटरीला कोआर्क, डेंटल हायजीनला कोडा, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटला कॅप्टी, अशी प्रत्येक शाखेची मान्यता देणारी स्वतःची संस्था आहे. कोआर्कची मान्यता नसलेल्या ठिकाणाहून बाहेर पडलं तर रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या एनबीआरसी परीक्षेलाच बसू देत नाहीत. मग ती पदवी घेऊन करायचं काय? जेआरसीईआरटीच्या मान्यतेचे कार्यक्रम आपले आकडे जाहीर करतात, पाच वर्षांच्या सरासरीने किती जण पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले आणि किती जणांना वर्षभरात काम मिळालं, आणि दरवर्षी किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. तो शेवटचा आकडा मी आधी बघते. जिथे भरती मोठी आणि पूर्ण करणारे थोडे, तिथे काहीतरी नीट चाललेलं नाही. काउंटी कॉलेजची फी त्या खासगी संस्थेच्या मानाने खूप कमी, आणि आपण राहतो त्याच काउंटीचं असेल तर आणखी कमी. मंडळाच्या हळदीकुंकवाला "मुलगी काउंटी कॉलेजात आहे" हे सांगताना आयांचे आवाज खाली जातात, ते मला सहन होत नाही. ज्या पदवीवर अतिदक्षता विभाग चालतो तिच्याबद्दल आवाज कशाला खाली करायचा?

पहाटेचं गणितही मांडावं लागतं. रुग्णालयातलं प्रशिक्षण बिनपगारी, पाळी पहाटे साडेसहा-सातला सुरू, आणि ते रुग्णालय कुठलं असेल ते आपल्या हातात नसतं. दुसऱ्या काउंटीतही पाठवतात. शाळेची बस सव्वाआठला. म्हणजे मुलांचे डबे आणि वेण्या नवऱ्याकडे. तो "जमेल" म्हणाला, आणि त्याच आठवड्यापासून धाकटीची वेणी घालायचा सराव करू लागला. प्रवेशाआधी लसींची कागदपत्रं, रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या चाचण्या, क्षयाची चाचणी. हातावर टोचून करतात ती त्वचाचाचणी आपल्या लोकांची कधीकधी फुगते, कारण डाव्या दंडावर बीसीजीचा तो वण असतो. तेव्हा घाबरून जाऊ नये, रक्ताची चाचणी मागावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हे मला एका केरळी नर्सने सांगितलं. स्वतःची बाही वर करून तिने तिचा वण दाखवला आणि आम्ही दोघी थोडा वेळ तशाच एकमेकींचे दंड बघत उभ्या राहिलो.

आणि मग रेस्पिरेटरी. अर्ज करण्याआधी काम जवळून बघायला अर्धा दिवस मिळाला होता, एका रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या मागे मागे फिरायचं. पन्नाशीच्या, फिलिपिन्समधल्या, बुटक्या, भरभर चालणाऱ्या. पहिल्या खोलीत एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या धमनीतलं रक्त घ्यायचं होतं. शिरेतून नव्हे, मनगटाच्या धमनीतून, ऑक्सिजन किती आणि आम्ल किती ते कळायला. आधी त्यांनी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरल्या. तळहात पांढरा पडला. मग एक बाजू सोडली, आणि हात पुन्हा गुलाबी होताना आम्ही पाहिला. दुसरी धमनी हाताला रक्त पुरवते आहे याची खात्री झाल्यावर त्यांनी सुईसाठी जागा शोधायला तीन बोटं मनगटावर ठेवली, डोळे मिटले. माझ्या आजोळी औदुंबरजवळ एक वैद्य अशीच नाडी बघायचे. मला त्या परक्या खोलीत एकदम घरी आल्यासारखं झालं.

पुढच्या खोलीत व्हेंटिलेटरवरची एक तरुण बाई होती. नळीतला कफ ओढून काढायचा होता. तो आवाज, ती ओल, तो वास, यातलं काहीही मी सौम्य करून सांगणार नाही. थेरपिस्टबाई तिच्या कानाशी वाकून प्रत्येक गोष्ट आधी सांगत होत्या, आता खोकला येईल, आता संपलं. ती बेशुद्ध होती. मी नंतर विचारलं, तिला ऐकू येतं? "कदाचित," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. कॉरिडॉरमध्ये त्यांनी २०२० च्या वसंतातलं सांगितलं, न्यू जर्सीतल्या रुग्णालयांत तेव्हा काय चाललं होतं ते. उपचार थांबवायचं कुटुंबाने ठरवलं की नळी काढायचं काम बहुतेक वेळा त्यांच्याकडे यायचं. नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. नर्सने फोन धरायचा, पडद्यावर घरचे, आणि यांनी नळी काढायची. त्या रडल्या नाहीत हे सांगताना. मी विचारलं नाही की त्या हे काम अजून का करतात. त्यांच्या मागे पुढच्या खोलीत गेले.

माझी आजी दम्याची. रात्री उशांचा ढीग करून बसून झोपायची, आणि तिच्या श्वासाची शिट्टी आम्हा मुलांना अंगाईसारखी सवयीची होती. तिच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे घरात कुणालाच काही करता यायचं नाही. त्या शिट्टीला काय करतात ते मला शिकायचं आहे, एवढं त्या दिवशी स्पष्ट झालं. शंका आहेतच. कोआर्कने २०१८ पासून नवा अभ्यासक्रम चार वर्षांच्या पदवीचाच असावा असं ठरवलं होतं, जुने दोन वर्षांचे चालू राहिले. म्हणजे पुढे कधीतरी वरची पदवी घ्यावी लागेल असं धरूनच चालले आहे. रात्रपाळ्या आहेत. पगार डेंटल हायजीनपेक्षा कमी. पंचावन्नाव्या वर्षी आपत्कालीन हाक ऐकून जिन्यावरून धावता येईल का, हा प्रश्न मी नवऱ्यालाही विचारला नाही, कारण उत्तर त्याच्याकडे नाही.

अर्जात पहिली पसंती रेस्पिरेटरी थेरपी लिहिली, दुसरी रेडिओग्राफी. या वर्षी जागा मिळाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा करीन. वाट बघणं परवडणारं आहे. साताऱ्याची ती बाई त्यानंतर भेटली नाही. भेटली तर मी तिला पसंती बदल असं सांगणार नाही, तिच्या घरचं गणित मला माहीत नाही. फक्त तिन्ही ठिकाणी एकेक सकाळ उभी राहून ये, म्हणेन, आणि कुठल्या खोलीतून निघताना तुला मागे वळून बघावंसं वाटलं ते मला सांग.

आईला फोन केला तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे लोकांचा कफ काढायचा? तू?" म्हटलं, हो. थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आजीला आपण पाठीवर चोळायचो ते बरोबर होतं का गं?" मी सांगितलं की अजून तो धडा आलेला नाही, पण आला की पहिला फोन तुलाच. मग ती मुलांच्या शाळेचं विचारू लागली, आणि फी हप्त्याने भरता येते का तेही.